पाटीवरच्या मुली

खेळ आणि मी यांचा संबंध तसा फार जुना आहे. इतका जुना की तो सुटून आता पंचवीस-तीस वर्षे होऊन गेली. शाळेत असताना लंगडी आणि लगोरी यांच्यापुढे माझी मजल कधी गेली नाही, आणि मराठीची प्राध्यापिका झाल्यावर तर तासभर उभे राहून बोलणे एवढाच काय तो व्यायाम उरला. अशा बाईने एक अख्खा हंगाम खो-खोच्या मैदानावर मुक्काम ठोकावा, हातात घड्याळ धरावे, आणि एका उपान्त्य सामन्यात चारचौघांत गळा फाडून ओरडावे, हे कोणी आधी सांगितले असते तर मी त्याला हसले असते. पण तसे झाले खरे.

आम्ही राहतो कुळगावात. बाहेरच्या माणसाला हे नाव सांगितले की तो विचारात पडतो. मग 'बदलापूर' म्हटले की त्याला ओळख पटते. वास्तविक रुळांच्या पूर्वेला कुळगाव, पण स्टेशनावर पाटी बदलापूरची, म्हणून सारेच बदलापूर! महाराजांचे स्वार इथे घोडे बदलीत म्हणून हे नाव पडले, अशी एक दंतकथा आहे. घोडे गेले, गाड्या आल्या. आता गावातली निम्मी माणसे उजाडायच्या आत मुंबईची गाडी पकडतात आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परत येतात. मधल्या वेळात गाव असते ते मुलांचे, म्हाताऱ्यांचे आणि माझ्यासारख्या सकाळच्या कॉलेजातल्या लोकांचे.

आमच्या घरापासून पाच मिनिटांच्या वाटेवर एक मैदान आहे. पावसाने हवा धुऊन निघाली की तिथून चंदेरीचा डोंगर अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात तिथे एका मंडळाच्या मुली खो-खो खेळतात. शिकवणारे सर अंबरनाथच्या एका शाळेत शिक्षक आहेत. पोटाची नोकरी उरकून पदरचा चुना घालून रेघा आखणाऱ्या जातीचे. मी त्या मैदानाकडेने भाजी आणायला जात असे. याहून अधिक ओळख नव्हती.

२०२४च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावातल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांच्या वाट्याला जे आले, ते महाराष्ट्राला पुन्हा सांगायला नको. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या अडून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून गाड्या चालू झाल्या. पण घराघरांतून काहीतरी थांबले ते थांबलेच. जूनमध्ये मैदानावर सतरा मुली येत होत्या. ऑगस्टच्या अखेरीस पाच उरल्या. आणि खो-खोत नुसत्या पाटीवर बसायलाच आठ जणी लागतात!

एका दुपारी सर दोन आयांना घेऊन दारात उभे. त्यांतली एक नेमके बोलणारी होती.

"मॅडम, कोणी बाईमाणूस मैदानावर बसणार असेल तर आम्ही पोरींना पाठवू. तुम्ही काय, दुपारनंतर घरीच असता."

दुपारनंतर मी घरी असते ही गोष्ट सार्वजनिक मालमत्तेत केव्हा जमा झाली हे मला कळले नाही. तेवढ्यात सर घाईने म्हणाले, "नुसतं बसायचं, मॅडम. बाकी काही करायचं नाही."

चार दिवसांचा प्रश्न आहे असे समजून मी हो म्हटले, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाकावर जाऊन बसले. तो गठ्ठा पुढे आठवडाभर तसाच राहिला.

कारण 'नुसते बसणे' हा या खेळात साधा प्रकारच नव्हे. दोन खांबांच्या मधोमध एक लांब पट्टा, आणि त्याला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. पाटी म्हणजे मला आजवर दगडी पाटी ठाऊक. ही चुन्याने आखलेली. त्यांवर आठ जणी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसतात, म्हणजे शेजारणीचे तोंड नेहमी पलीकडच्या बाजूला. नववी धावते. समोरच्या तिघी धावपटू वाटेल तशा फिरतात, कोणत्याही फटीतून निसटतात. पण पाठलाग करणारीला मधला पट्टा ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. तिने करायचे ते एकच. बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचे, आपण तिच्या जागी बसायचे, आणि तिने उठायचे. जिला खो मिळायचा तिला मागून कोण येते आहे ते दिसत नाही. ती फक्त ऐकते. आणि खो ऐकू येईल असाच द्यावा लागतो. पुटपुटलेला खो पंच मोजत नाहीत, शिटी वाजते.

इथेच आमच्या धाकटीचे घोडे अडले होते. अठराच्या आतल्या कुमारी गटात ती तेराची. पायांत वारा भरलेला, पण आवाज म्हणून निघत नसे. आधीही ती बुजरीच होती. ऑगस्टनंतर तर घरच्यांनी 'रस्त्यात कोणाशी बोलू नकोस' असे इतक्यांदा बजावले होते की ती मैदानावरही ते पाळीत असे. शेजारणीच्या पाठीवर हात टेकून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणे, आणि सर कपाळावर हात मारून घेत.

"अगं, कानगोष्ट सांगतेस का? मैदानाला ऐकू जाऊ दे!"

धाकटी मान हलवी. पुढचा खो आणखी बारीक.

या खेळाचे मला वाटे, पोरींनी परकर खोचून खेळायचा, सुट्टीतला काहीतरी प्रकार. सरांनी माझे अज्ञान दूर केले. १९१४मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम बांधायला घेतले; पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२४मध्ये आपली नियमावली काढली; पहिली अखिल भारतीय स्पर्धा विजयवाड्याला भरली ती १९५९-६०च्या हंगामात. राष्ट्रीय स्पर्धेतल्या उत्तम कुमारी खेळाडूला 'जानकी' पुरस्कार मिळतो, चौदाच्या आतल्या मुलीला 'इला'. पुरस्काराला हे नाव सुचविणारा कोणी तरी पुराणे वाचलेला असला पाहिजे. इला ही कधी स्त्री, कधी पुरुष होऊन वावरलेली. पळतीत हुल देणाऱ्या पोरीला याहून नेमके नाव मराठीच्या प्राध्यापकालाही सुचले नसते.

त्या दिवाळीत माझा भाचा डब्लिनहून आला होता. त्याला फराळाचा डबा घेऊन मैदानावर नेले. सराव पाहता पाहता तो म्हणाला, "आत्या, हे तर आमच्याकडच्या हर्लिंगसारखंच!" मला वाटले, तिथेही पाठशिवणी आहे. पण तो खेळ निराळाच. राखेसारख्या फिकट लाकडाची चपटी काठी आणि लहानसा चेंडू. सारखेपणा होता तो भोवतालचा. आयर्लंडात इंग्रजांचे राज्य असताना, १८८४मध्ये थर्ल्स गावी काही लोकांनी जमून आपले देशी खेळ जगवायला एक संस्था काढली. तीस वर्षांनी पुण्यात चालले होते तेच. आजही तिथला मोठ्यात मोठा हर्लिंगपटू खेळण्याचा पगार घेत नाही. मास्तर असतो, शेतकरी असतो, आणि ज्या गावचा त्या गावासाठी खेळतो. मुलांचे वयोगट तसेच, आईबाप कुंपणाशी उभे तसेच. सरांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांना चुना कोण देतो?"

आता कप्तानाविषयी. ती बारावीत होती, आणि मार्चमध्ये तिला अठरा पुरी होणार होती. म्हणजे कुमारी गटातला हा तिचा शेवटचा हंगाम. वडील रिक्षा चालवितात, आई अंबरनाथच्या कारखान्यात जाते. परीक्षेचे वर्ष म्हणून वडिलांनी गणपतीनंतर मैदान बंद केले. सरांचे बोलणे त्यांनी ऐकून घेतले नाही, तेव्हा मी गेले. खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा असतात, हे सर्व सांगून झाले. मग मी शेवटचा हुकुमाचा पत्ता टाकला: "मराठी मी स्वतः शिकवीन तिला."

"मराठीत कोण नापास होतं, मॅडम?" ते शांतपणे म्हणाले.

वीस वर्षांच्या नोकरीत माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता. पण शेवटी तोडगा निघाला तो माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. रोज आठाच्या आत मी तिला दारापर्यंत पोचवीन, या बोलीवर. तेव्हापासून मैदानावरून निघालेली आमची वरात साऱ्या कुळगावात फिरे, एकेक पोर एकेका दारात सोडीत. आयांनीही पाळ्या लावून घेतल्या. सप्टेंबर संपेतो सोळा मुली झाल्या.

दिवाळीनंतर जिल्ह्याची कुमारी स्पर्धा होती. पहिले दोन सामने आम्ही डावाने जिंकले. त्यांत सांगण्यासारखे काही नाही. उपान्त्य सामन्यात मात्र समोर कसलेला संघ आला. त्यांची एक धावपटू अशी साखळी पळे की पाहताना माझे डोळे गरगरले. आमच्या कप्तानाने साडेतीन मिनिटे पळून काढली. दुसऱ्या डावात आमचे आक्रमण होते. धाकटीने खो दिला, उठलेल्या मुलीने झेपावून गडी टिपला, आम्ही उड्या मारल्या, आणि शिटी वाजली. खो ऐकू आला नव्हता. बाद झालेली मुलगी हसत परत उभी राहिली. वेळ संपली तेव्हा गुण १३-१३. तो एक गुण धरला असता तर आम्ही अंतिम फेरीत!

जादा डावही बरोबरीत सुटला. मग आले लघुत्तम आक्रमण. वाचकांपैकी ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: दोन्ही संघांनी पाळीपाळीने फक्त एक गडी बाद करायचा, ज्याला कमी वेळ लागला तो विजयी. नाव एखाद्या गणिताच्या पुस्तकातले वाटते. छातीत मात्र गणित राहत नाही.

सरांनी धाकटीला बदलायचे ठरविले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण कप्तान पुढे आली.

"नको सर. ती तिसऱ्या पाटीवर बसेल. माझ्या शेजारी."

धाकटीला ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. दोघींनी हाताला माती चोळली आणि बसल्या. नाणेफेकीने आमचे आक्रमण आधी. पहिली धावपटू तीच, साखळी पळणारी. पाच खो झाले, सहा झाले, ती सापडेना. मग धाकटी उठली, तिच्या मागे दोन पाट्या धावली, आणि कप्तानाच्या पाठीवर हात टाकून तिने असा 'खो' घातला की कुंपणाबाहेरच्या चहावाल्याने मान वर केली. कप्तान सूर मारून गेली ती थेट त्या मुलीच्या टाचेवर. ३४ सेकंद. मी ओरडले ते तेव्हा.

समोरच्यांनी आमची पहिली धावपटू २७ सेकंदांत टिपली.

हरलो. सरांनी घड्याळ दोनदा पाहिले, जणू काही ते बदलणार होते. मुली जिंकणाऱ्यांच्या हातांत हात देऊन आल्या, गुडघ्यांवरची माती झटकली, आणि कोणी एकही शब्द बोलले नाही.

परतताना कर्जत गाडी मिळाली. संध्याकाळची वेळ, बायकांच्या डब्यात मुंगी शिरायला जागा नाही. बदलापूरला उतरायचे म्हणजे अंबरनाथपासूनच दाराकडे सरकायला हवे, आणि दारात पुढच्या स्टेशनच्या बायका भिंतीसारख्या उभ्या. मी 'जरा जाऊ द्या' म्हणून पाहिले. कोणी ढिम्म हलेना. स्टेशन आले. इतक्यात माझ्या काखेखालून एक बारीकसा हात पुढे झाला, दारातल्या धिप्पाड बाईच्या पाठीवर पडला, आणि अख्ख्या डब्यात आवाज घुमला: "खो!"

ती बाई खरोखर उठल्यासारखी बाजूला झाली. आम्ही सतरा जणी धडाधड फलाटावर उतरलो, आणि गाडी हलली तेव्हा मुली पोट धरधरून हसत होत्या. रडल्या त्या त्यानंतर. फलाटावरच, एका बाकाभोवती.

जिल्ह्याच्या संघात आमच्या कप्तानाची निवड झाली. राज्य स्पर्धेत ती दोनच सामने खेळली; तिथे मॅटवर खेळायचे होते, आणि मातीवर घडलेल्या पायांना ते उमगेपर्यंत स्पर्धा संपली. तिच्या वडिलांनी जाताना बॅग स्वतः फलाटापर्यंत वाहिली. परीक्षेच्या निकालाबद्दल एवढेच सांगते की मराठीत तिला सर्वांत कमी गुण पडले.

१९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने होते. आमच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी तेवीस माणसे मावली. नियम जरा निराळे, वेगवान, गुणही भराभर पडणारे. सर मधूनमधून 'हे आमच्या वेळी नव्हतं' म्हणत होते. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरविले. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचाच, आणि त्यांनीही नेपाळलाच हरवून चषक घेतला. पोहे दोनदा करावे लागले. धाकटी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती आणि दिल्लीतल्या मुलींना खो कधी द्यावा ते इथून ओरडून सांगत होती. खालच्या मजल्यावरचे आजोबा चौकशीला वर आले, आणि मग तेही बसले.

कप्तानाला आता महिला गटात खेळायचे आहे. त्या मंडळाचा सराव डोंबिवलीला असतो, रात्री साडेआठपर्यंत. तिच्या वडिलांशी माझी बोलणी अजून चालू आहेत. ते आता मला चहा विचारतात. हो मात्र म्हणालेले नाहीत.

२०२५च्या जूनमध्ये पावसाने मैदानाचा चिखल केला तेव्हा नव्या नऊ मुली आल्या, आणि त्यांच्या आयांनी पहिल्याच दिवशी पाळीचा कागद मागून घेतला. माझे वार मंगळवार आणि शुक्रवार. उत्तरपत्रिका मी आता बरोबर नेत नाही. परवा बाकावर जाऊन टेकते न टेकते तोच धाकटी धावत आली, घड्याळ माझ्या हातात कोंबले आणि म्हणाली, "मॅडम, नऊ मिनिटं. आणि मध्ये बोलू नका."