नमुन्यातील नेमलेली जागा

शासकीय कागदावर काय लिहिले आहे याइतकेच ते कोठे लिहिले आहे यालाही महत्त्व असते. छापील नमुन्यात प्रत्येक माहितीची जागा आधीच ठरविलेली असते, ती याचसाठी. सर्वांच्या परिचयाचा सातबारा उतारा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

गाव नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा आणि गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. नमुना सातमध्ये क्षेत्र व आकारणी डावीकडे, खातेदारांची नावे मध्यभागी, तर कुळ, खंड व इतर अधिकार उजवीकडे नोंदविले जातात. कर्जाचा बोजा या ‘इतर अधिकारां’त येतो. त्यामुळे उतारा कोणत्याही गावचा असो, जमीन घेणाऱ्याने बोजा कोठे पाहावा हे निश्चित असते.

जागा बदलली की अर्थही बदलतो. वारस मुलींची नावे अनेक ठिकाणी खातेदारांत न लावता इतर अधिकारांत लावली गेली. नाव कागदावर आले. परंतु वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती स्त्री जमिनीची सहहिस्सेदार न राहता केवळ एक नोंद ठरली. म्हणूनच वारसनोंद होताना नाव आले एवढ्यावर समाधान न मानता ते कोणत्या रकान्यात आले, हे पाहणे आवश्यक आहे.

सन 2020 मध्ये महसूल विभागाने नमुना सातमध्ये सुधारणा केल्या, त्यामागेही हाच विचार दिसतो. पूर्वी इतर हक्कांच्या रकान्यासोबत असणारा खाते क्रमांक खातेदाराच्या नावाजवळ आला. प्रलंबित फेरफारास स्वतंत्र जागा मिळाली. दोन खातेदारांच्या नावांमध्ये ठिपक्यांची रेषा आली.

ग्रामपंचायत वा शाळा यांनी स्वतःचे नमुने तयार करतानाही काही पथ्ये पाळावीत. जी माहिती वारंवार शोधावी लागते तिची जागा प्रत्येक पानावर एकच असावी. नावे, शेरे यांसारखा वाढत जाणारा मजकूर इतर रकान्यांत शिरू नये, यासाठी पुरेशी मोकळी जागा किंवा पुरवणी पान असावे. सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’ लिहावे. कोरा रकाना पाहून माहिती नाही की ती भरावयाची राहिली, हे कळत नाही.

नमुना नीट आखलेला असेल, तर आपला हक्क कोठे नोंदला आहे हे सामान्य नागरिकालाही कोणाला न विचारता पाहता येते.