चालू मशीन हलवताना

सर्व्हर दुरुस्तीला काढायचा, पण त्यावरचं व्हर्च्युअल मशीन क्षणभरही बंद ठेवायचं नाही. मग ते चालू अवस्थेतच दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं, हे ‘लाइव्ह मायग्रेशन’. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे ‘क्वेक ३’ या गेमचा सर्व्हर खेळ रंगात असतानाच हलवला. खंड पडला तो जेमतेम ६० मिलिसेकंदांचा!

खरी गोम मेमरीत आहे. ६४ जीबी मेमरी १० गिगाबिटच्या जोडणीवरून पाठवायला सगळं सुरळीत असलं तरी ५० सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात मशीन मेमरीची ४ केबीची कितीतरी पानं बदलून मोकळं होतं. ती परत पाठवायची, तोवर आणखी बदलतात. डेटाबेस जोरात चालू असेल तर हे गुऱ्हाळ संपतच नाही. क्यूईएमयू या तशाच सॉफ्टवेअरमध्ये त्यावर उपाय आहेत: पानातला फक्त फरक पाठवणं, एकाच वेळी अनेक जोडण्या वापरणं आणि अगदीच नाइलाज झाला तर मशीनच्या प्रोसेसरला लगाम घालणं.

दुसरी पद्धत ‘पोस्ट-कॉपी’ची: तीत मशीन आधी पलीकडे सुरू होतं, पानं मागाहून येतात. वेळेत काम होतं, पण मध्येच जुना सर्व्हर कोसळला तर मशीन गेलंच. आधीच्या पद्धतीत डाव फसला तरी मूळ मशीन जागेवर चालूच राहतं. म्हणून घाई नसेल तर तीच बरी.

आणि हलवताना टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, सुरू करायला विसरू नये. मेमरीत पासवर्डही असतात, आणि टीएलएस नसेल तर ते नेटवर्कवरून उघडेच जातात.