डी-मार्टला स्वस्त विकणं परवडतं कसं?

बचत गटाच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "डी-मार्टवाले छापील किमतीपेक्षा कमीत देतात, मग त्यांना उरतं काय?"

राधाकिशन दमानी हे मुंबईच्या शेअर बाजारातलं जुनं नाव. २००२ मध्ये त्यांनी पवईला पहिलं डी-मार्ट काढलं. मार्च २०१७ अखेर दुकानं झाली १३१, मार्च २०२५ अखेर ४१५. म्हणजे सुरुवातीला घाई केलीच नाही. बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, त्यामुळं भाड्याचा बोजा कमी.

पण खरी गोम रोखीत आहे. किराणा धंद्यात माल पुरवणाऱ्याला पैशासाठी कितीतरी आठवडे थांबावं लागतं. पापड-मसाला दुकानात ठेवणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं सांगायला नको! डी-मार्ट साधारण आठवडाभरात पैसे चुकते करतं. ज्याला पैसा लवकर मिळतो, तो भाव कमी लावतो. माल महिनाभरात विकला जातो आणि तोच पैसा पुन्हा फिरतो. १०० रुपयांच्या विक्रीत साधारण ८५ रुपये मालाचेच. सगळा खर्च जाऊन उरतात पाचेक रुपये. पण ते उरतात रोजच्या हजारो गिऱ्हाइकांमागे.

गावातला दुकानदार महाग देतो असं आपण म्हणतो. पण सोयाबीनचा पैसा हाती येईपर्यंत तोच थांबतो. त्या थांबण्याचे पैसे त्यानं भावात धरलेले असतात.

गेल्या दिवाळीला आम्ही १२ जणींनी प्रत्येकी १५०० रुपये काढले आणि परभणीच्या मोंढ्यातून तेल, साखर, हरभरा डाळ रोखीनं आणली. भाव चांगला लागला. मग शेजारणींनीही मागितलं, म्हणून गटाच्या बचतीतून ६ हजारांचा माल आणून उधार वाटला. तिथं चुकलो. पैसे यायला संक्रांत उजाडली. महिना २ टक्क्यांनी अडीच महिन्यांचं ३०० रुपये व्याज बुडालं ते वेगळंच. पण मधल्या काळात एका ताईला मुलीच्या फीसाठी कर्ज देता आलं नाही, ते जास्त लागलं.

यंदा दसऱ्याआधीच्या बैठकीत पैसे जमा होतील, मगच यादी होईल. ज्या ताईकडे त्या दिवशी नसतील, तिला गटातून रीतसर कर्ज, वहीत नोंद करून. शेजारणींनाही हाच नियम सांगितला आहे. दोघींनी आत्ताच पैसे आणून दिले.