केळ ससेक्सची, कढीपत्ता खिडकीतला

नवी दिल्ली आखणाऱ्या एडविन लुटियन्सने इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या ग्रेट डिक्स्टर या घराशी एक गुलाबबाग मांडून दिली होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला घराचे मालक आणि नामवंत उद्यानलेखक क्रिस्टोफर लॉइड यांनी, सत्तरी ओलांडल्यावर, ते गुलाब उपटून काढले. त्यांच्या जागी केळ, कर्दळ, डेलिया, अळू आले. इंग्रज बागकर्मींमध्ये खळबळ उडाली. आज तीच जागा उन्हाळ्याच्या शेवटी पाहायला लांबलांबून लोक येतात.

अशा बागांचे फोटो पाहून दोन टोकांचे समज होतात. एक, आता हवामान बदललं, थंड देशातही काहीही लागतं. दुसरा, हे सगळं मोठ्या काचघराचं आणि पैशाचं काम, आपल्या चिमुकल्या अंगणात जमायचं नाही. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दोन्हींपायी झाडं मरतात किंवा लावलीच जात नाहीत.

केळीपासून सुरुवात करू. केळ म्हणजे उष्ण प्रदेश, हे आपल्या डोक्यात जळगावमुळे पक्कं बसलं आहे. तिथे हिवाळ्यात रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरला की केळीची वाढ थांबते, पानांवर चरका दिसू लागतो आणि शेतकऱ्याची झोप उडते. मग बर्फ पडणाऱ्या मुलखात केळ जगते कशी? तर ती केळच वेगळी. मुसा बास्जू ही जात मूळची दक्षिण चीनची. तिला सर्रास जपानी केळ म्हणतात, पण जपानात ती माणसांनी नेली. सतराव्या शतकातल्या बाशो या कवीने आपलं नाव घेतलं ते त्याच्या झोपडीपाशी शिष्याने लावलेल्या केळीवरून.

ही केळ थंडीत हिरवीगार राहते असं मात्र नाही. पहिल्या दहिवराला पानं काळी पडून लोंबतात. खोड उणे दोन-चार अंशांपर्यंत तग धरतं. खरी चिवट असते ती जमिनीखालची गड्डी. वर पालापाचोळ्याचा जाड थर असेल तर उणे दहाच्या आसपासही ती जिवंत राहते आणि वसंतात नवे कोंब काढते. खोडाची उंची राखायची असेल तर माळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं छाटतात, खोडाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उभी करतात, आत कोरडा पेंढा ठासतात आणि डोक्यावर पत्रा किंवा कौल ठेवतात. हे शेवटचं झाकण बरेच जण विसरतात. पेंढा भिजला की ऊब जाते आणि खोड आतून कुजतं. एवढं करून घड आलाच तरी तो खायचा नसतो. फळात काळ्या टणक बिया आणि नावाला गर. ही केळ पानांसाठी लावायची.

झाडाला त्याचा देश विचारून भागत नाही, उंची विचारावी लागते. उष्ण कटिबंधातही दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. डेलिया मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांवरचा. धोतऱ्यासारखी मोठाली लोंबती फुलं येणारी ब्रुगमॅन्सिया अँडीज पर्वतातली. वृक्षनेचा टास्मानियाच्या ओल्या, गार जंगलातला. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९मध्ये चीनमधून इंग्लंडला पाठवलेला ताड, ज्याला आज त्याचंच नाव आहे, उणे दहा अंशांनाही दाद देत नाही. आपला सोनटक्का घ्या. पांढरा सोनटक्का इंग्लंडात बाहेर जगला तरी त्याला फुलायला तिथला उन्हाळा सहसा पुरत नाही. पण हिमालयात उंचावर वाढणारे त्याचे भाऊबंद तिथे छान फुलतात. फ्रँक किंग्डन-वॉर्डने १९३८मध्ये आसामच्या बाजूने नेलेला नारिंगी फुलांचा सोनटक्का तर आजही ‘आसाम ऑरेंज’ या नावाने रोपवाटिकांत मिळतो. ही सगळी झाडं दिसायला उष्ण प्रदेशातली, पण त्यांच्या अंगात डोंगराची सवय आहे. सगळीच दहिवर सोसतात असं नाही. डेलियाचे कंद आणि ब्रुगमॅन्सियाची कुंडी हिवाळ्यात आत घ्यावी लागते. मात्र गार उन्हाळ्यात ती कुरकुरत नाहीत, आणि थंड देशातल्या बागेत निम्मं यश तिथेच असतं.

उष्ण, दमट मुलखातल्या झाडांचं तसं नाही. नारळ, अननस, अँथुरियम यांना दहिवर पडायचीही गरज नसते. पारा १०-१२ अंशांखाली राहिला की त्यांच्या पेशींची पातळ आवरणं ताठरतात, आतली क्षारद्रव्यं झिरपू लागतात आणि पानावर पाणथळ डाग दिसतात. म्हणून ‘शून्याच्या वर आहे ना, मग काळजी नाही’ हा हिशेब या झाडांना लागू होत नाही. दहिवराची इजा निराळी. त्यात पेशींच्या बाहेरच्या जागेत बर्फ धरतो, तो आतलं पाणी ओढून घेतो आणि पेशी सुकून मरते.

आता ज्या समजापायी सर्वात जास्त झाडं जातात तो: थंडीने मारलं. माझं ठाम मत आहे की थंड आणि ओल्या हिवाळ्याच्या देशांत निम्म्याहून अधिक दोष पाण्याचा असतो. घायपाताच्या कुळातली मेक्सिकोची अनेक झाडं कोरड्या मातीत उणे काही अंश सहज सोसतात. तीच इंग्लंडच्या चिकणमातीत, चार महिने भिजलेल्या मुळांनी, साध्या थंडीत सडतात. माती जाड खडीवाळू घालून मोकळी करणं, वाफा वीतभर उंच करणं, घायपात थोडं तिरकं लावून मधल्या पोंग्यात पाणी साचू न देणं या गोष्टींनी जे साधतं ते महागड्या पांघरुणांनी साधत नाही. पांघरूण हवंच असेल तर हवा खेळू देणारं पांढरं बागकापड वापरावं. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. आणि कुठलंही पांघरूण ऊब तयार करत नाही, जमिनीतून निघणारी ऊब फक्त धरून ठेवतं. म्हणून ते जमिनीपर्यंत टेकलेलं हवं. झाडाच्या माथ्यावर टोपीसारखं बांधून काही उपयोग नाही.

रोपाच्या चिठ्ठीवरच्या आकड्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. अमेरिकी कृषिखात्याचे पट्टे वर्षातल्या सर्वात थंड रात्रीच्या सरासरीवर आखलेले आहेत. त्या हिशेबाने लंडन आणि फ्लोरिडाचा बराचसा भाग एकाच पट्ट्यात येतो. पण जुलैत लंडनची दुपार सरासरी २४ अंशांच्या आत-बाहेर असते, फ्लोरिडाची ३२-३३ अंशांची. ज्या झाडाला फांदी पिकवायला लांब तापता उन्हाळा लागतो त्याला हा फरक जीवघेणा ठरतो.

हवामान बदललं, हे खरंच आहे. पण झाड सरासरीने मरत नाही, एका रात्रीने मरतं. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधला शंभर वर्षांतला सर्वात थंड डिसेंबर होता. आधीच्या सौम्य हिवाळ्यांच्या भरवशावर लावलेली कॉर्डिलाइनची झाडं तेव्हा गावोगाव कोसळली. आखाती प्रवाहाच्या उबेत वाढलेली सिली बेटांवरची ट्रेस्को ॲबीची बाग, ऑगस्टस स्मिथने १८३४मध्ये सुरू केलेली, तिनेही जानेवारी १९८७च्या बर्फात बहुतेक झाडं गमावली आणि पुन्हा लावली. पण २०१०च्या थंडीतल्या त्या कॉर्डिलाइनपैकी कितीतरी पुढच्या उन्हाळ्यात बुंध्यातून फुटल्या. ज्यांनी घाईने खणून काढल्या नव्हत्या, त्यांच्या.

ही घाई घराच्या आतही नडते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत बाग म्हणजे बहुधा खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी आणि तुळस. डिसेंबरात कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतात. मग काळजीने पाणी वाढतं, खत पडतं, आणि भारतातल्या आजीच्या सांगण्यावरून आंबट ताकही. पुण्याच्या अंगणात, भर उन्हात, ताक जिरून जातं. लंडनच्या खिडकीत दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, माती गार असते, मुळं जवळजवळ झोपलेली असतात. तिथे ताक जिरत नाही, आंबतं. वास येतो आणि मातीतून बारीक चिलटं उठतात. पानगळ म्हणजे मरण नव्हे. नखाने खोडाची साल हलकेच खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच थोडं पाणी द्या, खत मार्चपर्यंत बंद ठेवा, कुंडी बदलू नका.

पानांवर पाणी फवारून हवा दमट होते, हाही लाडका समज. फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि हीटरने कोरडी झालेली हवा होती तशीच राहते. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींच्या जवळ ठेवाव्यात, रेडिएटरपासून दूर. आणि एक गोष्ट रात्री आवर्जून पाहावी: पडदा ओढताना कुंडी पडद्याच्या आणि काचेच्या मध्ये अडकत नाही ना. त्या फटीतली हवा खोलीपेक्षा कितीतरी गार असते, आणि पानं थेट काचेला टेकतात.

मूळ रोप मात्र तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावं. ‘बॅगेतून एक फांदी नेली तर काय बिघडतं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला; लिंबूवर्गीय बागा उजाड करणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा वाहक कीटक त्याच्यावर जगतो. म्हणूनच अनेक देशांत प्रमाणपत्राशिवाय त्याचं रोप आणता येत नाही, आणि अमेरिकेत तर सामानातून ताजी पानंही नेता येत नाहीत.

तुळस थंडीत टिकवण्याचा आटापिटा फारसा करू नये. भारतातही ती दोन-तीन वर्षांनी जरठ होते, नवी लावावी लागते. उन्हाळ्यात मंजिऱ्या वाळू द्याव्यात, बी कागदाच्या पुडीत ठेवावं. एप्रिलमध्ये उबदार खोलीत ओल्या मातीवर ते नुसतं भुरभुरावं, वर मातीचा थर न देता. जूनमध्ये रोपं बाहेर काढावीत, पण पहिला आठवडा सावलीत आणि रात्री आत. सप्टेंबरच्या मध्यावर, रात्रीचा पारा १० अंशांखाली जाण्याआधी, दणकट रोप घरात घ्यावं. तुळशीचं लग्न सहसा नोव्हेंबरात येतं, आणि तोपर्यंत बाहेर राहिलेली तुळस काळी पडलेली असते.