ब्रेक ऑइलमधले पाणी
भिवंडीहून नाशिकला गेलेली गाडी परतताना कसारा घाट उतरते. सतत दाबलेले ब्रेक तापतात, त्यांच्याजवळचे ब्रेक ऑइलही तापते. नावाला ऑइल; खरे तर ते ग्लायकॉल जातीचे रसायन, पावसाळ्यातल्या मिठासारखे हवेतला ओलावा ओढणारे. नवे डॉट-३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी मुरले की ही हद्द १४० वर येऊ शकते. द्रव दाबून आकसत नाही, वाफ आकसते. मग पाय तळाला टेकतो आणि गाडी धावतच राहते! म्हणून आपण ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रकाराचे. उरलेला डबा आम्ही जपून ठेवत असू. पण सील फोडल्यापासून तोही पाणी पीतच असतो.