वेल्डिंगचं मशीन घेताय? आधी पत्र्याची जाडी बघा

ताईंनो, हातगाडी, चहाचा गाडा, ट्रॉलीचा फाळका, टेम्पोचा हौदा अशी कामं गावातच निघतात. म्हणून गटाने फॅब्रिकेशनचं युनिट टाकावं, असा विषय बैठकीत येतो. पण मशीन कर्जातून येतं. ते कामाचं निघालं नाही तर कोपऱ्यात पडतं, हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं समजून घ्या.

आर्क वेल्डिंग : रॉड होल्डरमध्ये धरून करायचं, आपल्या ओळखीचं वेल्डिंग. मशीन स्वस्त, गॅसची टाकी लागत नाही, उघड्यावर वाऱ्यातही चालतं. अँगल, चॅनल, चौकोनी पाइप, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड लोखंडाला हेच बरं. गाडीचा पातळ पत्रा मात्र याने पटकन जळून भोक पडतं.

मिग, म्हणजे सीओटू वेल्डिंग : इथे रॉडऐवजी बारीक तार आपोआप पुढे येते आणि गॅस जोडाला हवेपासून वाचवतो. गाडीच्या बॉडीचा १ मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा याने नीट जोडता येतो. हातही लवकर बसतो. पण मशीन महाग, गॅस भरून आणावा लागतो आणि वारा लागला तर जोड फुसका होतो. काम आडोशालाच करायचं.

गॅस वेल्डिंग : वीज लागत नाही. पण उष्णता पसरून पातळ पत्रा वाकतो, आणि ऑक्सिजन व ॲसिटिलीनच्या टाक्या जपाव्या लागतात.

टिग, म्हणजे आर्गन वेल्डिंग : स्टील, ॲल्युमिनियमला सुबक जोड येतो. पण काम सावकाश होतं आणि हात बसायला वेळ लागतो. पहिल्या मशीनसाठी हे नको.

मग घ्यायचं काय? गाडे, गेट, ग्रिल करायचे असतील तर आर्कचं इन्व्हर्टर मशीन घ्या. लहान मशीन सिंगल फेजवर चालतं, तरी वायरिंगला भार झेपेल का आणि अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. बॉडीच्या पत्र्याची कामं नेहमी मिळू लागली की मग मिगचा विचार करा.

एक गोष्ट पक्की ठेवा. ॲक्सल, चासी, ट्रॉलीचा हूक ही कामं शिकाऊ हाताने घेऊ नका. वरून जोड छान दिसतो, आत धरलेला नसतो, आणि गाडीत माणसं बसलेली असतात.

काम करताना :
- काचेशिवाय ठिणगीकडे बघू नका. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.
- नायलॉनची साडी नको. जाड सुती कपडे, चामडी हातमोजे, बंद बूट घाला.
- जस्ताचा पत्रा जोडताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो. जोडाच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा आणि काम हवेशीर जागी करा.
- डिझेल-पेट्रोलचा रिकामा ड्रमही जोडायला घेऊ नका, स्फोट होतो.
- गाडीला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढा.

ठराव लिहिण्याआधी पुढच्या सहा महिन्यांत कोणती कामं मिळतील, याची यादी करा. मशीन त्या यादीवरून ठरवा.