लेखांक नववा : बाहुलीचे थांबणे

गेल्या आठवड्यात ध्वनिमुद्रण आणि प्रसंगागणिक काढावयाची रेखाटने यांचा तपशील आपण पाहिला. या खेपेस प्रत्यक्ष मेजावर उभ्या असलेल्या बाहुलीकडे वळावयाचे आहे. हे मेज माझ्या कन्येच्या नेदरलँड्समधील नीउ-व्हेनेप येथील घरचे. हार्लेमरमेअर नावाचे विस्तीर्ण सरोवर पंपांनी उपसून १८५२ मध्ये जो मुलूख कोरडा करण्यात आला, त्याच्या तळावर हे गाव वसले आहे. येथील आकाश अफाट व ढग अतिशय चपळ, आणि नेमके तेच आमच्या कामाच्या आड आले.

साडेतीन वर्षांच्या नातीसाठी मातीचा ससा करून, त्याने हात हलवून निरोप घ्यावा, एवढाच प्रसंग योजिला होता. मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसविला आणि सेकंदाला बारा या हिशेबाने ९६ चित्रे घेतली; ती आठ सेकंदांत संपली, आणि तेवढ्या अवधीत ससा सारखा उजळत व काळवंडत राहिला, कारण प्रत्येक ढगासरशी खिडकीतला उजेड पालटत होता. दुसऱ्या दिवशी पडदे ओढून, एकच दिवा लावून, सर्व काम मुळापासून केले. तेव्हा ध्यानी आले, की हात दर चित्राला सारख्याच अंतराने सरकविला तर तो यंत्राच्या दांड्यासारखा चालतो. प्रथम अर्धा मिलिमीटर, मग एक, मग तीन, आणि अखेरीस पुन्हा अर्ध्यावर येत तो विसावला, तरच त्यात जीव भासतो. इतके साधूनही नात म्हणाली, “आजोबा, ससा लगेच गेला.” मग शेवटी आणखी १८ चित्रे जोडली, दीड सेकंद ससा केवळ उभा राहिला, आणि तेवढ्यात तिने आपला हात वर केला.

अगदी लहान मुलांसाठी चित्रपट करणाऱ्याची खरी परीक्षा, माझ्या मते, या दीड सेकंदात आहे. उत्रेख्त येथील चित्रकार डिक ब्रुना यांनी १९५५ मध्ये निर्मिलेली नाइन्त्ये ही सशाची पोर पाहावी. दोन ठिपक्यांचे डोळे, फुलीचे तोंड, कुंचल्याची किंचित थरथरती काळी रेषा, मोजके रंग, आणि मुख सदैव वाचकाकडे! पुढे नेदरलँड्समधील पेड्री अॅनिमेशनने तिच्या बाहुल्या करून २००३ च्या सुमारास दूरचित्रवाणीमालिका चित्रित केली, तेव्हा मुद्राभिनयाला जवळजवळ वावच नसलेल्या या आकृतीचे सुखदुःख मान, हात आणि अंगाची ठेवण यांवरच सोपवावे लागणार होते. आणि अशी ठेवण बालकाला वाचता यावयाची, तर ती क्षणभर टिकली पाहिजे. सेकंदाला २४ चौकटी आणि दर दोन चौकटींना एक ठेवण धरल्यास पाच मिनिटांना ३,६०० ठेवणी लागतात, आणि निष्णात कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी काही सेकंदच उतरतात. एवढ्या कष्टाने मिळविलेल्या अवधीत ‘काहीच न घडणारी’ चित्रे ठेवणे निर्मात्याच्या जिवावर येते, हे मी समजू शकतो; तरी कात्री प्रथम त्यांनाच लागावी, हे मला मान्य नाही.

आपल्याकडे विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७४ मध्ये केलेला ‘एक अनेक और एकता’ याच कारणाने टिकला, असे मला वाटते. भीमसेन यांची चित्रे, वसंत देसाई यांचे संगीत आणि बालवयातील साधना सरगम यांचा स्वर एवढा सरंजाम हाताशी असूनही त्याचा निम्मा डोलारा ‘अनेक’ या एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे, आणि तो अर्थ पोराला उमगेपर्यंत सूर्य, चंद्र, तारे अशी उदाहरणे शांतपणे येत राहतात.

त्याहूनही मागे गेले, तर दादासाहेब फाळके भेटतात. ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून टिपली आणि कित्येक दिवसांचा तो व्यापार पडद्यावर थोडक्या वेळात उलगडून दाखविला. बाहुली आपण हलवू तेव्हाच हलते. रोप आपल्यासाठी थांबत नाही. ही हकीकत ऐकल्यापासून नातीने वाटाणा पेरण्याचा हट्ट धरला असून परवा तो पेरलाही आहे. रोपाला ऊन तर हवे, आणि ढग येथे क्षणभर स्वस्थ बसत नाहीत. तेव्हा कुंडी खिडकीत ठेवावयाची की दिव्याखाली, आणि दर किती तासांनी एक चित्र घ्यावयाचे, याची तजवीज अंकुर वर येण्याच्या आत झाली पाहिजे. तिचा तपशील पुढील लेखांकी देईन.